तिच्या आवाजातली माझी वाक्यं

सोमवार, ४

पोपटाचं एकही बटण आज सकाळपर्यंत चालू झालेलं नाही. हिने पडद्यावरची सगळी बटणं ओळीने दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे बातमीला दुजोरा मिळाला. दुसऱ्या स्रोताची गरज नव्हती, तरी सवयीने मीही दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी तीच राखाडी चौकट: ‘स्क्रिप्ट सुरू करता आली नाही.’ खाली एकच पर्याय, ‘ठीक आहे’. ठीक काही नाही, पण दाबायला दुसरं काही नाही.

जन्मभर वर्तमानपत्रात बातमीच्या टेबलावर बसून दुसऱ्यांची कॉपी, म्हणजे छपाईआधीचा मजकूर, तपासली. निवृत्त झाल्यावर ही दैनंदिनी धरली ती हात चालू राहावा म्हणून. आज मात्र कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी अशी. दोन वर्षांपूर्वी हिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ते ठरल्यावर, आधीचे काही आठवडे, ही रोज माइकसमोर बसून वाक्यं वाचत होती. त्या वाचनातून हिचा आवाज तयार करून लॅपटॉपमधल्या एका प्रोग्राममध्ये बसवला. प्रोग्रामला काहीतरी भारदस्त नाव आहे. मेव्हणीने पहिल्याच दिवशी त्याचं ‘पोपट’ करून टाकलं आणि तेच राहिलं. पडद्यावर बटणं असतात. प्रत्येक बटणामागे एक छोटी फाइल असते, तिला स्क्रिप्ट म्हणतात. बटण दाबलं की स्क्रिप्ट सुरू होते आणि हिच्याच आवाजात वाक्य बोललं जातं. हवं ते टाइप करूनही बोलता येतं, पण तेही एका स्क्रिप्टमार्फतच. म्हणजे स्क्रिप्टा बंद तर हिचा आवाज बंद. हा आवाज दुसऱ्या कुठल्याही यंत्रात चालत नाही. फोनमध्ये एक परकी बाई बोलते, ती हिला अजिबात खपत नाही.

आणि पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता शाळेत हिचा चाचणीचा तास आहे. ही गणिताची शिक्षिका. शस्त्रक्रियेनंतर शाळेने हिला ग्रंथालयात बसवलं. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवते. या आठवड्यात तासाच्या तयारीसाठी रजेवर आहे. वर्ग परत मिळावा म्हणून हिने किती अर्ज केले ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळे मी लिहून दिले. शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “एक तास घेऊन दाखवा. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसू. वर्गाला बाई ऐकू आल्या पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं.” जमलं तर वर्ग, नाही तर ग्रंथालय कायमचं.

आता खरं ते लिहितो. काल दुपारी ही जरा आडवी झाली होती आणि मी तिच्या तासासाठी अपूर्णांकांची वाक्यं बटणांमध्ये भरत होतो. सिस्टिम अपग्रेड करण्याची आठवण करून देणारी चौकट महिनाभर कोपऱ्यातून डोकं काढत होती. काल ती नेमकी माझ्या अर्ध्या वाक्यावर येऊन बसली. मी वैतागून काहीतरी दाबलं. ते ‘आता करा’ होतं. स्वल्पविरामासाठी वार्ताहरांना टेबलाशी उभं करणारा माणूस मी, दोन शब्द न वाचता बटण दाबलं.

पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली आहे, ‘मला विचारल्याशिवाय अपग्रेड करू नये’. ती आमच्या वायरवाल्यांची. संगणकाचं सगळं तेच बघतात; खिशात कायम वायरी असतात म्हणून आम्ही त्यांना वायरवाले म्हणतो. त्यांनी आधी ‘विचारल्या शिवाय’ असं तोडून लिहिलं होतं. ते जोडून, चिठ्ठी नव्याने लिहून मीच चिकटवली होती.

ही उठल्यावर मी सांगितलं, “अगं, अपग्रेड झालंय वाटतं. आपोआप.” कर्ता गाळून वाक्य कसं करायचं ते आम्हाला टेबलावर चांगलं शिकवलेलं आहे.

मंगळवार, ५

वायरवाले बाहेरगावी, एका कारखान्याच्या कामावर. पुढच्या बुधवारशिवाय परत येत नाहीत. फोनवर म्हणाले, “साहेब, चिठ्ठी पडली का खाली?”

मी म्हटलं, “चिठ्ठी आहे जागेवर.”

“मग अपग्रेड कोणी केलं?”

“झालं.”

“हं,” म्हणाले. एवढंच.

त्यांनी सांगितलं ते सगळं केलं. यंत्र बंद-चालू. प्रोग्रामची नवी आवृत्ती. पुन्हा बंद-चालू. फाइलींचा फोल्डर जागेवर आहे का पाहिलं, आहे. राखाडी चौकटही आहे.

आवाज नाही म्हणून हिने दवाखान्यातल्या दिवसांतली पांढरी पाटी माळ्यावरून काढली. तिला एक मार्कर दोरीने बांधलेला आहे. सकाळी चहा दिला तर पाटीवर लिहिलं, ‘साखर कमी घाल.’

“दोन वर्षं हाच चहा पितेयस की.”

‘दोन वर्षं सांगायचंय.’

“मग सांगायचंस.”

‘बटण नाही.’

“टाइप करायचंस ना.”

तिने पुसून लिहिलं, ‘टाइप होईपर्यंत तू खोलीबाहेर.’

तिची चिडचिड होणं साहजिक आहे. मी उद्यापासून अर्धाच चमचा घालणार.

संध्याकाळी मेव्हणी आली. ही हिची धाकटी बहीण, जवळच राहते, विमा कार्यालयात असते, आणि माझी टर उडवण्याचं व्रत तिने आमच्या लग्नापासून घेतलेलं आहे. दारातूनच, “काय भावजी, ऐन वेळी पोपट झाला ना?”

“आपोआप अपग्रेड झालं,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं बोलताना पहिल्यापेक्षा सोपं जातं, हे आज कळलं.

दोघी बहिणी आतल्या खोलीत पाटी घेऊन बसल्या. मेव्हणीचं हसणं इथपर्यंत येत होतं. हिच्या हसण्याला आता आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. दाराच्या फटीतून पाहिलं तर दोघींचे खांदे हलत होते. बिचारी मेव्हणी, हिला धीर द्यायला काय काय करते.

बुधवार, ६

आज जे होता होता राहिलं ते लिहून ठेवतो.

प्रोग्रामच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी अतिशय गोड बोलणारी. म्हणाली, “सर, पूर्ण काढून टाका आणि पुन्हा घाला. नव्वद टक्के वेळा तेवढ्याने होतं.” मी काढायला घेतला. चौकटीमागून चौकट येत होती, मी ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ करत होतो. ही बाजूला उभी होती. एकदम तिने माझं मनगट धरलं. नखं रुतली इतकं घट्ट.

पडद्यावर लिहिलं होतं, ‘वैयक्तिक आवाजही काढून टाका’, आणि त्यापुढे आधीच बरोबरची खूण होती.

आणखी एक ‘पुढे’, आणि ते सगळे आठवडे, घसा दुखत असताना पाणी पीत पीत वाचलेली ती सगळी वाक्यं गेली असती. परत कुठून आणणार? वाचणारा घसाच राहिलेला नाही.

तिने खूण काढली, ‘रद्द करा’ दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला लागली. मोठा आवाज करून लावत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “मदत करू?” तिने पाटी उचलली आणि लिहिलं, ‘वाच. मग दाब.’

शाळेतल्या पोरांना सांगावं तसं. मी मान खाली घातली, पोरं घालतात तशीच.

गुरुवार, ७

दोन गोष्टी. पहिली चांगली.

वाचायला सांगितलं म्हणून आज ती राखाडी चौकट पहिल्यांदा नीट वाचली. चार दिवस वरचंच वाक्य वाचत होतो. खाली बारीक अक्षरांत ‘तपशील’ आहे, ते दाबलं की कारण दिसतं. स्क्रिप्ट वाचून तिच्याप्रमाणे काम करणारा एक वेगळा प्रोग्राम सिस्टिममध्ये असतो. अपग्रेडने जुना काढून नवा घातला, तोही दुसऱ्या फोल्डरात. आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुन्याचाच पत्ता लिहिलेला आहे. म्हणजे माणूस घर बदलून गेलाय आणि पत्रं अजून जुन्या दारात पडतायत. वायरवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “असू शकतं. एक करून बघा.” एक केलं. टाइप केलेलं बोलणारी स्क्रिप्ट घेतली, पहिली ओळ बदलली, जतन केली. वर ‘प्रोग्रामला स्क्रिप्ट चालवू द्यायच्या का’ अशी नवी परवानगीही अपग्रेडने घातलीय. सेटिंगमध्ये चार पडदे आत जाऊन तिथे खूण केली. मग ‘एक दोन तीन’ टाइप केलं.

‘एक दोन तीन,’ ही बोलली. म्हणजे पोपट. म्हणजे हीच.

मी ओरडलोच. ती धावत आली, मान डोलावली. बाकीच्या फाइलीही तशाच दुरुस्त कराव्या लागतील. शंभराच्या आसपास आहेत. सगळ्या एकदम बदलायची काही युक्ती असते म्हणे, पण मला ती येत नाही आणि कालच्या प्रकारानंतर धाडस नाही. एकेक उघडायची.

दुसरी गोष्ट. दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. “यंत्र बिघडल्याचं ग्रंथालयातून कळलं. बाईंना ताण नको. आपण पुढे ढकलू या का? म्हणजे आता पुढच्याच वर्षी जमेल.”

मी म्हटलं, “बघतो. खरं सांगायचं तर हिलाही थोडी विश्रांतीच बरी.”

हे का म्हटलं? समोरचा माणूस जे ऐकायला टपलेला असतो ते त्याला देऊन टाकायची सवय. फोन ठेवून वळलो तर ही दारात. किती ऐकलं माहीत नाही. पाटीवर लिहिलं होतं, अक्षरं नेहमीपेक्षा मोठी: ‘मी दमलेय असं तुला कोणी सांगितलं?’

स्रोत कोण, असंच विचारलं तिने. माझ्याकडे स्रोत नव्हता.

मी लगेच परत फोन लावला आणि सोमवारचा तास ठरल्याप्रमाणे होईल म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकदा ठरवा बाई काय ते.”

शुक्रवार, ८

आज दिवसभर फाइली. उघडायची, पहिली ओळ बदलायची, जतन करायची, बटण दाबून खात्री करायची. खात्री करायची म्हणजे वाक्य ऐकायचं. अशी ओळीने मी ती वाक्यं कधी ऐकलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी ही दवाखान्यातून यायच्या आधी, आल्या आल्या तयार मिळावीत म्हणून, मीच ती एका बैठकीत लिहून काढली होती. तेव्हा स्वतःवर खूश होतो.

‘मला आता विश्रांतीची आवश्यकता आहे.’

‘तूर्तास नको, धन्यवाद.’

‘मी ठीक आहे. काळजी नसावी.’

‘आपल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे.’ हे वाक्य ही दोन वर्षं आपल्या सख्ख्या बहिणीला म्हणतेय, ती भाजी घेऊन आली की. मेव्हणी दर वेळी वाकून नमस्कार करून ‘आभारी आहोत, आभारी आहोत’ म्हणायची आणि मला वाटायचं, थट्टा हिची चाललीय.

हिच्या आवाजात हे सगळं. बाहेरून हीच, आत बातमीच्या टेबलावरचा मी. घासूनपुसून, ठाकठीक, कुणाला लागणार नाही असं. साधं ‘नको’ असं बटण नाही. ‘गप बस’ नाही. ‘कंटाळा आला’ नाही. बातमीत टेबलाने स्वतःचा शब्द घातला तर वार्ताहर भांडायला येतो. ही भांडायला कशाने येणार होती?

आणि ‘अहो’. हे लिहितानाही लाज वाटते. लग्नाच्या आधीपासून ही मला ‘अरे’ म्हणते. चारचौघांत ‘अहो’, घरात ‘अरे’. बटणं लिहिताना मी विचार केला की ऐकणारे बाहेरचेही असतील, म्हणून सगळीकडे ‘अहो’ ठेवलं. ‘अहो, जरा इकडे येता का?’ दोन वर्षं मी ती हाक ऐकून उठतोय. ‘अरे’ कधी बंद झालं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शेवटी सोमवारच्या तासाची बटणं आली. ‘अपूर्णांक म्हणजे एखाद्या पूर्ण वस्तूचे समान भाग केले असता त्यांपैकी काही भाग दर्शवणारी संख्या होय.’ ही नेमकी मागून जात होती. थांबून ऐकलं, पाटीवर लिहिलं, ‘झोपतील.’

“व्याख्या अचूक आहे,” मी म्हटलं.

‘अचूक झोपतील.’

संध्याकाळी काम संपलं. मी हाक मारली, बटणं दाखवली. मला वाटलं होतं, ही खूश होईल. तिने एकच बटण दाबलं, ‘आपल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे,’ आणि लॅपटॉप मिटून पाटी घेऊन गॅलरीत जाऊन बसली.

शनिवार, ९

सकाळी पुन्हा तीच राखाडी चौकट. ‘तपशील’ वाचला. परवानगीची ती खूण निघालेली. चार पडदे आत जाऊन पुन्हा केली. जेवण झाल्यावर पाहिलं तर पुन्हा निघालेली. वायरवाल्यांना फोन. म्हणाले, “अपग्रेडनंतर चित्रविचित्र होतं साहेब, पण हे नाही ऐकलं.” मी पुन्हा खूण केली. संध्याकाळी पुन्हा गायब. परवा वर्गात असं झालं तर?

हिला तशी काळजी दिसत नाही, पण आतून धास्तावली असणार. पाटीचा मार्कर आज संपला, नवा आणून दिला. आठवड्यात अख्खा मार्कर संपतो म्हणजे किती मनस्ताप होत असेल तिला. सकाळी तर शेजारच्या कुत्र्याबद्दलच तीन पाट्या भरून लिहिलं. मी उभ्याउभ्या सगळं वाचलं. कुत्र्याचं खरोखरच मजेशीर आहे.

रविवार, १०

सकाळी मेव्हणी आली. मी तिला खुणेचं सांगत होतो, काळजीनेच. “चार पडदे आत जाऊन केलेली खूण आहे. सिस्टिम रोज ती काढतेय. उद्या वर्गात असंच झालं तर संपलंच.”

मेव्हणीने माझ्याकडे असं पाहिलं की विमा कार्यालयात ती खोट्या दाव्यांकडे कशी बघत असेल ते कळलं. “भावजी, चार दारं ओलांडून आत जायचं, एवढीशी खूण पुसायची आणि दारं लावून गुपचूप बाहेर यायचं. हे कोण करतं? सिस्टिम?”

“मग कोण?”

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी वळलो. ही सोफ्यावर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. पाटी वर धरली: ‘मी.’

“तू? अगं उद्या तास आहे! का?”

तिने पुसलं. लिहायला वेळ लागला. मी समोर उभा राहिलो.

‘पोपट बोलला की तू ऐकतोस आणि जातोस. पाटीवर लिहिते तेव्हा थांबतोस.’

मेव्हणी उठून चहा करायला आत गेली. तिला चहा करताना मी आजवर पाहिलेलं नाही.

त्या क्षणी माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, ती दिली. म्हटलं, “अपग्रेड आपोआप झालं नव्हतं. मी केलं. न वाचता दाबलं.”

‘माहीत आहे. मी झोपले नव्हते.’

“मग आठवडाभर बोलली का नाहीस?”

तिने भुवया उंचावल्या आणि एकच शब्द लिहिला.

‘कशाने?’

मी जमिनीवरच बसलो, सोफ्याला टेकून. थोड्या वेळाने तिने पाटी माझ्या डोक्यावर हलकेच आपटली. खाली घेऊन वाचली: ‘पहिली ओळ कशी बदलतात ते दाखव. बाकीचं मी लिहीन.’

मी दाखवलं. एका स्क्रिप्टची नक्कल करायची, पहिली ओळ तशीच ठेवायची, खाली अवतरणांत आपलं वाक्य. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा स्वतः केलं. तिसऱ्या वेळी मला हाताने ‘जा’ अशी खूण केली. मी दारापर्यंत जाऊन म्हटलं, “शेवटी एकदा नजर टाकू का? शुद्धलेखन वगैरे.” मेव्हणी स्वयंपाकघरातून ओरडली, “भावजी, तुमची शिफ्ट संपली!”

दुपारभर दार लोटलेलं होतं. मी बाहेर पेपर धरून बसलो, एक अक्षर वाचलं नाही. आतून हिचा आवाज येत होता. तुकडे नुसते. ‘का?’ मग पुन्हा ‘का?’ मग ‘शेवटचा बाक!’ मग ‘बघ हं, नीट बघ.’ मग ‘चूक. पण झकास चूक.’ मग ‘कोण म्हणतं?’ मधूनच खडूचा आवाज. जुना फळा तिने भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर काहीतरी आखून पाहत होती. एकही पूर्ण वाक्य नाही. माझ्या टेबलावरून यातलं काहीही सुटलं नसतं. आणि मला ती दिसत होती, पंचवीस वर्षांपूर्वीची, हातभर खडू लागलेली. वर्गाबाहेर मी तिची वाट बघत उभा, आत पोरं दंगा करतायत आणि ती त्यांच्यापेक्षा जास्त. शाळेत ती अशी शिकवायची, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिला व्याख्या लिहून दिली.

दुपार कलताना आतून आवाज आला, ‘अरे, ऐकतोस का?’

मी तसाच बसून राहिलो. वर्गातल्या कुठल्यातरी पोरासाठीचं बटण ती तपासत असणार.

पुन्हा, ‘अरे, ऐकतोस का?’

मेव्हणीने माझ्या हातातला पेपर काढून घेतला. “भावजी. तुम्हाला.”

आत गेलो. ही लॅपटॉपसमोर बसली होती. काहीही नको होतं तिला. बटणाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मी “ऐकतोय” म्हटलं. नंतर बराच वेळ तिथेच बसलो. मला फक्त बसायचं होतं आणि तिने बसू दिलं.

आत्ता, झोपायच्या आधीची नोंद. खूण जागेवर आहे. हिने स्वतः केली आणि मला दाखवली. ‘अहो’चं बटण काढून टाकलंय, मेव्हणीसाठीचं आभाराचं मात्र मुद्दाम ठेवलंय, दोघींना त्याची सवय झालीय म्हणे. माझी अपूर्णांकांची बटणं एका कोपऱ्यात आहेत. त्यांना हिने नाव दिलंय ‘झोपेसाठी’.

उद्या सकाळी नऊला गाडी सांगितली आहे. दहाला तास. मुख्याध्यापिकाबाई आणि आणखी दोघं मागच्या बाकावर असतील. मला आत बसायची परवानगी आहे, पण हिने लिहून सांगितलंय की मी बाहेर व्हरांड्यात बसायचं, यंत्र अडलं तरच ती बोलावील. पोरं हसतील की दंगा करतील, बाईंना ते ऐकू येणं वाटेल की गोंधळ, सांगता येत नाही. तासात ही काय बोलणार आहे, तेही मला ठाऊक नाही. कॉपी माझ्या टेबलावर आलेली नाही.